देवचाराच्या बाटलीला झालेला उशीर

एका निरपराध माणसाला तीन महिन्यांची कैद पुरी भोगावी लागली ती माझ्यामुळे. त्याच्या सुटकेचा कागद माझ्या कपाटात होता आणि तो तिथे आहे हे मला ठाऊक होते. आठ वर्षे ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. त्या आठ वर्षांत सरकारकडून भरपाई मिळावी म्हणून त्या माणसाचे अर्ज मीच लिहून दिले, आणि ते अर्ज नामंजूर व्हावेत म्हणून लागणारा अभिप्रायही मीच लिहिला. आज पन्नाशी ओलांडल्यावर या वाक्याकडे पाहतो तेव्हा त्यात कुठे हसावे आणि कुठे मान खाली घालावी ते मला ठरवता येत नाही. म्हणून घडले तसे सांगतो.

आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. राज्य मुंबईचे होते आणि दारूबंदी नव्याने आली होती. कुडाळच्या पलीकडच्या एका खेड्यातून मी किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावी फौजदारी कोर्टात कारकून म्हणून लागलो होतो. वय पंचविशीच्या आतले, नोकरी हंगामी. आलेले टपाल उघडायचे, त्यावर तारखेचा आवक-शिक्का मारायचा आणि बारनिशीत, म्हणजे आवक-जावक वहीत, नोंद करायची, हे माझे काम. शिक्का लाकडी मुठीचा होता. तो मारताना मला आपण सरकार आहोत असे वाटे.

खाडीपलीकडे एक गाव होते. त्या गावाच्या वेशीवर एका जुन्या झाडाखाली राखणदाराचे स्थळ होते. गावात त्याला देवचार म्हणत. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची: एक कोंबडा, विड्यांचे बिंडल आणि दारूची बाटली. राखण घेऊन जाणे आणि जत्रेत देवापुढे गाऱ्हाणे घालणे हा एका घराण्याचा मान. गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने एकाने मोठ्याने देवाशी बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. हा मान ज्याच्याकडे होता त्याला मी इथे मानकरीच म्हणेन. तेव्हा तो चाळिशीचा असेल. आवाज असा, की खाडीच्या या काठावर बोलला तर त्या काठावरची होडी वळावी.

दारूबंदी आल्यावर गावापुढे पेच पडला. देवचाराला बाटली तर हवी, आणि बाटली सापडली तर तुरुंग. गावच्या जाणत्यांनी यावर बैठक घेतली. बैठक देवचाराच्या कानावर जाऊ नये म्हणून ती त्याच्या हद्दीबाहेर, खाडीच्या या बाजूला तरीच्या, म्हणजे होड्या लागतात तिथल्या, माचीवर भरवली. असे ठरले की विहिरीच्या पाण्यात ओवा आणि तिरफळे उकळायची, ते पाणी गाळून जुन्या काळ्या बाटलीत भरायचे आणि बूच घट्ट लावायचे. बूच काढले की वास असा झोंबतो की डोळ्यांत पाणी यावे. देवचार काही पेला लावून पिणार नाही, दगडावर ओतलेल्याचा वास तेवढा घेणार. चार वर्षे हे बिनबोभाट चालले. गावात आजार आला नाही, होडी बुडाली नाही. देवचाराला पसंत आहे, असा निष्कर्ष गावाने काढला.

पाचव्या वर्षी मानकरी राखण घेऊन निघाला असता तरीवर हवालदाराने त्याला अडवले. बूच काढून हुंगले. हवालदाराला ठसका लागला, डोळे लाल झाले, आणि एवढी कडक दारू आपण आयुष्यात हुंगली नव्हती असे त्याने पंचनाम्यात लिहून घेतले. बाटली, बिंडल आणि कोंबडा असा मुद्देमाल कोर्टात जमा झाला. कोंबडा दोन दिवस कचेरीत आरवला. नाशवंत मुद्देमाल म्हणून त्याचा लिलाव झाला आणि तो हवालदारानेच घेतला. पुढच्या आठवड्यात हवालदाराचा पाय सुजला तेव्हा खाडीपलीकडे फार समाधान पसरले.

आमचे मॅजिस्ट्रेट साहेब नेमस्त होते. नुसत्या वासावर शिक्षा द्यायला त्यांचे मन घेईना. बाटलीतले थोडे शिशीत भरून, सील करून मुंबईला रासायनिक तपासणीसाठी धाडले आणि उरलेली बाटली मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या टेबलावर ठेवली. मग त्यांनी मानकऱ्याला विचारले, “या बाटलीत दारू आहे, हे तुला मान्य आहे?”

मानकऱ्याने साहेबांकडे पाहिलेच नाही. तो बाटलीकडे पाहून खणखणीत आवाजात म्हणाला, “व्हय म्हाराजा. दारूच ती. चोख दारू.”

“कुठून आणलीस?”

“ता सांगूचंय नाय. पण देवचाराक आमी हलक्यातली दिनव नाय. दर वर्साक अशीच बरी दितव.”

“नीट विचार करून बोल. ही कबुली होते आहे.”

“इचार कसलो? वास घेवन बगा तुमी.”

साहेबांनी वास घेतला नाही. तपासणीचा अहवाल येईपर्यंत तारीख पुढे ढकलली. तेव्हा मला वाटले, इतका बेधडक गुन्हेगार मी पाहिला नव्हता.

अहवाल आला तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या दिवशी मी रजेवर निघालो होतो. वेंगुर्ल्याला मुलगी पाहायला जायचे होते. कचेरीच्या पायरीवर पोस्टमन भेटला. मी सही करून टपाल घेतले. परत आत जावे तर मोटार चुकणार होती. चार दिवसांत नोंद करू, असे म्हणून टपाल पिशवीत टाकले आणि त्यावर नवा सदरा ठेवला. वेंगुर्ल्याच्या मुलीने मला पसंत केले की नाही हे महिनाभर कळेना, आणि तो महिना मी कोणतेच काम शुद्धीवर राहून केले नाही. पिशवीतले बाकीचे टपाल काढले, पण एक पाकीट सदऱ्याच्या घडीत राहिले. मधल्या काळात तारीख आली. अहवाल नाही, आरोपी तर पुन्हा बाटलीकडे पाहून “चोख दारू” म्हणतो. साहेबांचा नाइलाज झाला. तीन महिने सक्तमजुरी.

शिक्षेला पंधरा दिवस झाले असताना होकार आला आणि साखरपुड्याला न्यायला मी तोच सदरा उलगडला. पाकीट पायावर पडले. उघडून वाचले. नमुन्यात मद्यार्क नाही, वनस्पतींचा अंश असलेले पाणी आहे.

इथे माझी चूक संपते आणि माझा गुन्हा सुरू होतो. तो कागद त्याच दिवशी साहेबांपुढे ठेवला असता तर मला ताकीद मिळाली असती, फार तर नोकरी गेली असती. मानकरी आठवड्यात घरी आला असता. पण मला कायम करण्याचा हुकूम त्याच महिन्यात येणार होता, आणि लग्न त्या हुकुमावर ठरले होते. हुकूम आला की कागद काढू, असे मी ठरवले. हुकूम आला. मग कळले की आता ‘इतके दिवस कुठे होता’ या प्रश्नाला उत्तर नाही. कागद माझ्या कपाटात कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली राहिला. मानकरी सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारला. पाकिटावर टपालखात्याची खरी तारीख होती, म्हणून पाकीट चुलीत घातले. साहेबांनी अहवाल वाचला. मग म्हणाले, “आगबोट उशिरा आली असेल.” मी म्हणालो, “हो साहेब.”

अहवालाची बातमी फुटायला वेळ लागला नाही. मानकरी कचेरीत आला. मुद्देमालाची खोली माझ्या टेबलामागेच होती. त्याने खूण करून मला बाहेर बोलावले आणि बाजार ओलांडून एका चहाच्या दुकानात नेले. बसल्यावर हळू आवाजात म्हणाला, “बाटलीपासून शंभर पावलां तरी दूर बोलूक व्हया.”

“का?”

“राखण पोचवीपर्यंत तेची नजर तिच्यार आसता. बाटली थंय तो. माका कोर्टात इचारल्यानी तेव्हा बाटली समोरच होती. तेच्या तोंडार कसां सांगू, बाबा, तुका चार वर्सां पानी पाजलंव म्हणान?”

तेव्हा मला सारा उलगडा झाला. हा माणूस कोर्टात कबुली देत नव्हता. तो एका देवचाराची समजूत घालत होता. कायद्यात यासाठी कलम नाही.

“आता काय हवे आहे तुम्हांला?” मी विचारले.

“माजी जत्रा,” तो म्हणाला.

तो तुरुंगात असतानाच गावची जत्रा होऊन गेली होती. गाऱ्हाणे त्याच्या चुलतभावाने घातले होते, आणि आता तो मान सोडायला तयार नव्हता. शिक्षा भोगलेल्या माणसाच्या तोंडून देवापुढे गाऱ्हाणे शोभत नाही, असे त्याचे म्हणणे. गावाने त्याला रुकार दिला होता. मानकऱ्याच्या बापाने, आज्याने जे केले ते त्याच्या हातून गेले होते. बाकी तीन महिन्यांबद्दल तो फारसे बोलत नसे. तुरुंगातली भाकरी बरी होती म्हणे.

मी म्हणालो, “सरकारकडे भरपाईचा अर्ज करा. मी लिहून देतो.” ते दयेने म्हटले की भीतीने, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन्ही होते, आणि बहुधा भीती दयेच्या अंगरख्यात होती. अर्ज मी लिहिला तर त्यात काय लिहिले जाते ते माझ्या ताब्यात राहील, एवढे मला नक्की समजत होते.

“लिवा,” तो म्हणाला, “सरकारान माजी जत्रा न्हेली. जत्रा परत दी.”

मी लिहिले: ‘अर्जदाराची कोणतीही कसूर नसताना त्यास कारावास भोगावा लागला. त्यायोगे त्याच्या वंशपरंपरागत मानास बाध आला. सबब योग्य ती भरपाई मिळावी.’ आणि वाचून दाखवले.

“ह्यात जत्रा खंय आसा?”

“‘मानास बाध’ म्हणजे जत्राच.”

“मगे जत्राच लिवा ना. ते जत्रा वाचतीत तर जत्रा दितीत. बाध वाचून बाध दितीत.”

मी ‘जत्रा’ हा शब्द घातला.

अर्ज जिल्ह्याला गेला. जिल्ह्याहून, सरकारी पद्धतीप्रमाणे, ‘अभिप्रायासाठी’ खाली आला. खाली म्हणजे आमच्या कोर्टात, आणि कोर्टात म्हणजे माझ्या टेबलावर. मी आवक-शिक्का मारला. आदल्या महिन्यात चहाच्या दुकानात ज्या टाकाने लिहिले त्याच टाकाने मी अभिप्राय लिहिला: ‘अर्जदाराने भर न्यायालयात दोन वेळा गुन्हा कबूल केला आहे. तपासणीचा अहवाल शिक्षा पुरी झाल्यावर प्राप्त झाला, हे आवक-शिक्क्यावरून दिसून येते. सबब कोणाकडूनही कसूर झालेली नाही.’ साहेबांनी सही केली. ‘कोणाकडूनही’ हा शब्द साहेबांना विशेष आवडला. त्यांनी त्याखाली रेघ ओढली.

माझाच अभिप्राय शब्दशः उतरवलेले नामंजुरीचे उत्तर टंकलिखित आले. मानकरी ते घेऊन माझ्याकडेच वाचून घ्यायला आला. मी वाचले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “तुमी सबब लिवलास. तेनी पण सबब लिवलानी. दोगय एकाच शाळेत गेलल्यात काय?”

मी म्हणालो, “सरकारी भाषाच अशी असते.”

“म्हणजे भांडतात एकमेकांशी आनी बोलतात सारख्यां. आमच्या भावबंदासारख्यांच.”

दुसरा अर्ज मी अधिक चांगला लिहिला. कबुली का दिली गेली, याचे कारण घातले; देवचाराचे नाव न घेता ‘धार्मिक स्वरूपाची अडचण’ असा शब्दप्रयोग केला. तो वाचून मलाच पटले की या माणसावर अन्याय झाला आहे. मग तो अर्ज अभिप्रायासाठी आला आणि मला माझ्याच युक्तिवादाचे खंडन करावे लागले. तेही मी चांगले केले. ‘धार्मिक स्वरूपाची अडचण म्हणजे काय याचा खुलासा अर्जदाराने केलेला नाही.’ तिसऱ्या अर्जात खुलासा टाळून अडचणीचे गांभीर्य मांडले. तिसऱ्या अभिप्रायात गांभीर्य मान्य करून तरतुदीचा अभाव दाखवला. या पत्रव्यवहाराने माझी भाषा सुधारली, हे नाकारता येणार नाही. वरचे लोक माझ्या अभिप्रायांची स्तुती करत आणि खाडीपलीकडचे लोक माझ्या अर्जांची. माझे लग्न झाले, मुले झाली. मानकऱ्याच्या घरून दर वर्षी कोकमाच्या सोलांची पुडी आणि फणसाच्या गऱ्यांचे तळलेले काप येत. ते घेताना मी नाही म्हणत असे आणि ते खाताना काहीच म्हणत नसे.

अर्जांचे असे चालले असता मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला. पुढच्या अर्जाला उत्तर आले: ‘सदर बाब पूर्वीच्या राज्याच्या कारकिर्दीतील असल्याने...’

“म्हणजे माका आत घातलेलां सरकार मेलां?” मानकऱ्याने विचारले.

“मेले नाही. नाव बदलले.”

“नाव बदलल्यार सुटता? मगे मी पण नाव बदलतंय. चुलतभाव तरी वळखूचो नाय आनी गाऱ्हाणां घालूक मिळात.”

या खेपेला वरून एक आशेची ओळ मात्र आली होती. बाटलीत दारू नव्हती हे अर्जदारास पूर्वीपासून ठाऊक होते, असे गावातील प्रतिष्ठितांनी लेखी दिल्यास फेरविचार होऊ शकेल. बाटलीत काय होते हे त्या गावात तान्ह्या मुलाखेरीज सर्वांना माहीत होते. पुन्हा तरीच्या माचीवर, देवचाराच्या हद्दीबाहेर, बैठक बसली. अर्ज लिहिणारा म्हणून मलाही बोलावले.

चुलतभाऊ उठला. “ह्यो निर्दोषी आसा ता आमका सगळ्यांका ठाव आसा,” तो म्हणाला. “पण निर्दोषी म्हणान लिवन दिलां तर बाटलीत पानी होतां म्हणान लिवन दिल्यासारख्यां झालां. मगे उद्या गावात काय झालां तर?”

“कागद हद्दीत हाडूचो नाय,” कोणीतरी सुचवले.

“टपाल हद्दीतूनच येता.”

यावर विचार झाला आणि तो मुद्दा सर्वांना बिनतोड वाटला. तेव्हा मानकऱ्याची बायको उभी राहिली. ती बैठकीत येत नसे. होडीवाल्याला जेवण द्यायचे निमित्त काढून आली होती.

“माज्या घोवान तीन म्हयने आत रवान गावाचो देव राखलो,” ती म्हणाली. “तुमी तेका एक ओळ देवक नाय. बरां. पण तेच्या तोंडातलां गाऱ्हाणां तरी कित्याक खातास?”

“गो, तू बस,” चुलतभाऊ म्हणाला.

“मी बसतंय. तू उठ तेच्या जाग्यावरसून.”

बैठक हसली. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांच्या शब्दाला मान होता, घसा खाकरून म्हणाले की लेखी नको. पण ज्या कचेरीने ह्याला आत घातले त्या कचेरीतल्या माणसाने देवचाराच्या थळावर येऊन, उभ्या गावापुढे तोंडाने सांगावे की चूक ह्याची नव्हती, तर मान परत. चुलतभावाने लगेच हो म्हटले. कचेरीचा माणूस थळावर येऊन असे बोलेल हे त्याला शक्य दिसत नव्हते. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. मी अर्ज लिहिणारा. कचेरी म्हणजे साहेब, असेच सगळे धरून चालले होते. मीही तसेच धरून चाललो, आणि घरी आलो.

त्यानंतर एक वर्ष गेले. ते वर्ष मला सर्वांत अधिक लागते. त्याआधी खरे सांगितले असते तर माझे नुकसान होते. आता नुसते चार शब्द बोलायचे होते, शेकडो माणसांचे काम अडले नव्हते, एका माणसाचे अडले होते, आणि ते चार शब्द फक्त माझ्याजवळ होते. मी साहेबांना दोन वेळा सुचवून पाहिले. ते म्हणाले, “मी देवचारापुढे साक्ष देऊ? मला बढती घ्यायची आहे.”

शेवटी सरकारने मानकऱ्याला एक गोष्ट दिली. मुद्देमालाची खोली साफ करायचा हुकूम निघाला. ज्या बाटलीत दारू नाही ती जप्त ठेवता येत नाही, असे नव्या साहेबांच्या ध्यानात आले. बाटली मालकाला परत करावी, असा हुकूम झाला. आठ वर्षांच्या अर्जांची एवढीच भरपाई. मी पावती केली: ‘एक काळी बाटली, आतील द्रवासह.’ त्याने अंगठा उठवला, बाटली पंच्यात गुंडाळली आणि तिच्या देखत मला मोठ्याने म्हणाला, “कारकुनानु, चला माज्याबरोबर. राखण पोचवची आसा. आठ वर्सांची जुनी दारू. जुनी झाली काय बरी लागता.”

मी रजेचा अर्ज दिला आणि गेलो.

पुढे काय झाले ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी माझ्या बोलण्यानंतर काही सांगायचे उरणार नाही. त्या वर्षीच्या जत्रेत गाऱ्हाणे मानकऱ्याने घातले, आणि तो गेला तोवर त्यानेच घातले. चुलतभाऊ पहिल्या ओळीत उभा राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणे, जरा हळू. मी कचेरीतही माझा कबुलीजबाब लेखी दिला. तो जिल्ह्याला गेला आणि अभिप्रायासाठी खाली, माझ्या टेबलावर आला. मी लिहिले, ‘मजकूर खरा आहे.’ नव्या साहेबांनी ते खोडून लिहिले, ‘नस्ती बंद झालेली आहे.’ बंद झालेल्या नस्तीत गुन्हा राहू शकत नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले. मला शिक्षा झाली नाही. मानकऱ्याला जशी न केलेल्याची शिक्षा मिळाली तशीच मला केलेल्याची मिळाली नाही. दोन्हीकडे कागद बरोबर होते.

आता तो दिवस. सकाळचे ऊन वर आले होते. होडीतून उतरलो तेव्हा स्थळापाशी गाव जमलेलाच होता. बाटली परत आल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. झाडाखालचा दगड धुतलेला होता. नवा कोंबडा आणि नवे बिंडल होते; अडकलेली राखण पोचेपर्यंत दुसरी देता येत नाही, म्हणून मधली वर्षे राखण झालीच नव्हती. मानकऱ्याने बाटली दगडापुढे ठेवली आणि हात जोडले. तो बोलणार तेवढ्यात चुलतभाऊ म्हणाला, “गाऱ्हाणां मागसून. राखणेक आठ वर्सां उशीर कित्याक झालो, ता पयलो देवचाराक सांग.”

बरोबर होते. उशिराचे कारण न सांगता राखण देता येत नाही, तशी रीत आहे. आणि खरे कारण मानकऱ्याला बाटलीपुढे सांगता येणार नव्हते. तो मग माझ्याकडे वळला.

“ता ह्यांका ठाव आसा,” तो म्हणाला. आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असे, “सांगा कारकुनानु. आठ वर्सां दोन्ही कागद तुमीच वाचून दाखवलास. बोलणारो एकच आसा ता माका कानान कळता.”

त्याला किती दिवसांपासून ठाऊक होते, ते मी नंतरही विचारले नाही. माझ्या मनात पहिल्यांदा कचेरीतलेच वाक्य आले: काही अपरिहार्य कारणास्तव. ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. माझ्या लक्षात आले की बाटलीचे रहस्य गावाचे आहे; ते उघडे न करताही माझे तेवढे मला सांगता येईल. मी चपला काढल्या. बारा वर्षे कचेरीत पुस्तकी बोललो होतो. त्या दगडापुढे तोंडाला घरचीच बोली आली.

मी म्हणालो, “बा देवचारा म्हाराजा, तुज्या राखणेक आठ वर्सां उशीर झालो.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला.

“तो ह्या माणसान केल्यान नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्या सुटकेचो कागद येळेवर इललो. तो माज्या पिशयेत रवलो, मगे माज्या कपाटात. माका कळल्यार पण मी तो लपवलंय. नोकरेक भियान लपवलंय. तेच्यार मी खोटो शिक्को मारलंय.”

या वेळी ‘व्हय म्हाराजा’ यायला उशीर लागला. पण आले; सवयीने आले असेल.

“कागदात काय होतां ता मी सांगूचंय नाय. ती गजाल माजी नाय. लपवलंय ती माजी.”

मग मी दगडाकडे पाठ केली, मानकऱ्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडले.

“काकानु,” मी म्हणालो, “तुमी आठ वर्सां लिवन घेतलास, सरकारान माजी जत्रा न्हेली. सरकारान न्हेली नाय. मी न्हेलंय. ती माका परत देवक येवची नाय. माका माफ करा.”